नाड्याखालचा खटका

बसा मंडळी, पुढं सरकून बसा. दामूअण्णा, पेटीचा सूर धरून ठेवा, पण हळू. आज मी गाणार कमी आणि बोलणार जास्त. आणि आधीच सांगून टाकतो — मी रागात आहे. दुपारी या तालमीत पाऊल टाकलं तेव्हापासून रागात आहे. का, ते कळेल तुम्हाला.

मारुतीराया, तुझ्या जयंतीला तुझ्याच अंगणात उभा आहे. गोड बोलायची बुद्धी आज मागत नाही. माझ्या तोंडून खरं तेवढं काढून घे, बाकी तू आणि ही मंडळी.

तर ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. श्रद्धा कशाला म्हणायचं आणि आळस कशाला म्हणायचं? हसता काय? सांगा ना! दोघं दिसायला सारखेच. दोघंही हात जोडून बसतात, दोघंही डोळे मिटतात, दोघंही म्हणतात 'देव बघून घेईल'. मग ओळखायचं कसं? त्या पगडीवाल्या काकांना वाटतंय, बुवा सांगतील. बुवाच्या सांगण्यावर किती विसंबायचं, तेच तर आज सांगायचंय!

हात जोडिले यंत्रापुढे । कुंकू माखिले चोहीकडे ।
बघणारीस ठेविले पलीकडे । दाराआड ॥

ही ओवी कुठल्या पोथीत शोधू नका. परवा एसटीत बसल्या बसल्या मीच जुळवली. फार चांगली जमली नाही, पण खोटी नाही. दामूअण्णा, पेटी थांबवा आता.

मंडळी, गोष्ट आहे रहिमतपुराकडच्या एका घरातली. हणमंतराव फडतरे, पिठाची गिरणी चालवतात. पहाटेपासून पिठात. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या — चाळिशीतच म्हातारे दिसायला लागलेले, आता पन्नाशी आली. बायको शालनवहिनी. मुलगा सूरज. आणि मुलगी स्वप्नाली. वय पंचवीस. आख्यान तिचं आहे, बाकीचे सगळे तिच्या वाटेतले.

स्वप्नालीला पोलीस व्हायचं होतं. कुणी म्हणेल, त्यात काय, गावोगावच्या पोरी धावतायत. हो, धावतायत! पण ही दोन वर्षं धावत होती. थंडीत, चिखलात, कुत्री मागं लागली तरी. धावण्यात ती पास होती. अडायचं ते गोळाफेकीत. चार किलोचा लोखंडी गोळा, आणि तो दर वेळी हातभर अलीकडं पडायचा. हातभर! मागच्या भरतीत तेवढ्यानंच यादीतून नाव गेलं. यंदा भरती निघाली, आणि मैदानावरचे सर म्हणाले, "पोरी, तुझी पाठ आणि खांदा कच्चा आहे. यंत्रावर ताकद वाढव. यंदा नाही जमलं तर पुढची भरती कधी निघेल, मला सांगता यायचं नाही."

हणमंतरावांनी ते मनावर घेतलं. बाप चांगला आहे हो! या गोष्टीत वाईट माणूस एकच आहे आणि तो घरातला नाही. बापानं घरी व्यायामाचं यंत्र आणलं. तुम्ही पाहिलंय ना? लोखंडी चौकट, मागं वजनाच्या पाट्या, वर कप्पी, कप्पीवरून तार. तारेच्या टोकाला हूक. त्या हुकाला जोड लावायचे — पाठीसाठी लांब दांडा, पायासाठी पट्टा, हातासाठी दोरीची मूठ. जसा व्यायाम तसा जोड. हुकाला एक छोटी झडप असते, म्हणजे खटकाच, आत स्प्रिंग. अंगठ्यानं दाबली की उघडते, सोडली की मिटते. मिटली की आवाज येतो — खट्. त्या खट् वर सगळं अवलंबून. तो आला, तर चाळीस किलो ओढा, काळजी नाही. नाही आला, तर दांडा आपल्याच अंगावर.

नवरात्रातल्या अष्टमीला खोकी आली. खोक्यात चाळीस पानांचं पुस्तक. आपल्याकडं असं पुस्तक निघालं की पहिल्यांदा काय करतात? बाजूला ठेवतात! सूरज म्हणाला, "मला कळतं ते." नटबोल्ट हातात घेऊन बसला, तासाभरानं मागची चौकट पुढं आणि पुढची मागं. स्वप्नालीनं पुस्तक उघडलं. पानापानावर बोट ठेवून वाचलं, आणि एकेक आकडा सांगत संध्याकाळपर्यंत भावाकडून चौकट उभी करून घेतली. राहिले काय, तर जोड. तेवढ्यात तिला कळलं की आपली अडचण आली.

मान खाली कशाला घालता? बायका नाही घालत, बाप्येच घालतायत! महिन्याची पाळी आली, एवढंच सांगतोय. या मारुतीच्या आईलाही येत होती.

नवरात्र, घट बसलेले, दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. कोयता, विळा, गिरणीचं चाक, सगळं धुऊनपुसून मांडायचं, कुंकू लावायचं, त्या दिवशी वापरायचं नाही. चांगली रीत आहे. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विश्रांती. मी तिला नावं ठेवत नाही. पण शालनवहिनी म्हणाल्या, "स्वप्ने, पाच दिवस पलीकडच्या खोलीत. यंत्राला हात लावू नकोस, उद्या त्याची पूजा हाय." आणि पोरगी गेली हो पलीकडं. पुस्तक घेऊन गेली.

आता बघा. घरात माणसं चार. पुस्तक वाचलेलं माणूस एक. आणि तेच दाराआड!

नवमीला सकाळी सूरजनं दांडा लावला. स्वप्नालीनं आतून विचारलं, "दादा, खट् वाजलं का?"

"वाजलं गं."

आणि खरंच वाजलं होतं. सूरजनं नीट लावला होता, त्याच्यावर बालंट नको. पण मग हणमंतराव आले पूजेला. हळद, कुंकू, झेंडू, आणि हातात लाल-पिवळा नाडा. गिरणीच्या चाकाला आरे असतात, त्या आऱ्यांतून नाडा ओवून सात वेढे द्यायचे, ही त्यांची वीस वर्षांची सवय. इथं आरे कुठं? वरती तो हूक दिसला. अंगठ्यानं झडप दाबली, आतून नाडा ओवला. एक वेढा, दोन, सात. वर घट्ट गाठ, गाठीत झेंडूचं फूल, त्यावर ओलं कुंकू. हात जोडले. "पोरीला यश दे." डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. आणि मागं नाड्याच्या जाड गुंडाळ्यात झडप उघडी राहिली होती. मिटायला जागाच नव्हती! बाहेरून काय दिसतंय? देखणी पूजा.

बापाच्या भक्तीत कमी होतं काय? नव्हतं. तरी दांडा सुटायच्या बेतात होता. भाव शुद्ध आहे की नाही, ते त्या झडपेला कळत नाही मंडळी. ती मिटलेली असते, नाहीतर उघडी असते.

दसरा झाला. एकादशी झाली. बारशीला पोरीनं न्हाऊन यंत्राला हात लावला. मैदानी चाचणीला राहिले सोळा दिवस. पाच दिवस फुकट गेलेले, पण तक्रार नाही. तिनं पुस्तकाचं नववं पान उघडलं. तिथं लिहिलंय — रोज वापरायच्या आधी हुकाची झडप मिटली आहे का, ते डोळ्यांनी बघा. पोरीनं वर बघितलं. दिसतंय काय, नाडा आणि वाळकं फूल. ती स्टुलावर चढली आणि म्हणाली, "पप्पा, नाडा सोडते. खालचा खटका दिसत न्हाई."

शालनवहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "पूजेतला नाडा हातानं सोडू नये बाई. आपसूक गळून पडंल तवा पडंल. गिरणीचा सोडतो का आपण?"

"आई, गिरणीच्या चाकाला कुणी लोंबकळत न्हाई. ह्याला मी लोंबकळणार हाय."

काय बोलली बघा! चाळीस पानांचं पुस्तक तिनं एका वाक्यात सांगितलं. हणमंतराव डोकं खाजवायला लागले. पोरीचं पटत होतं, बायकोचंही मोडवत नव्हतं. अशा वेळी आपला मराठी माणूस काय करतो? तिसऱ्यावर ढकलतो! म्हणाले, "थांबा, बुवांना विचारू."

नवरात्राच्या पहिल्या माळेला त्यांच्या गल्लीत एका बुवांचं कीर्तन झालं होतं. बुवांचा नंबर होता. लावला फोन. बुवा कुठं? एका यजमानाकडं बारशीचं पारणं सोडायला बसलेले. पानात गरम पुरणपोळी, तिच्यावर तूप सोडणं चाललेलं. फोन खांद्यात धरला, एका हातानं पोळीचा घास मोडला.

"बुवा, खंडेनवमीचा नाडा हाय, पोरगी सोडते म्हणतीया. चालंल का?"

बुवांनी विचारलं का, नाडा कशाला बांधलाय? नाही. कुठं बांधलाय? नाही. पोरगी का सोडते म्हणते? नाही. बुवा म्हणाले, "देवाच्या नावानं बांधलेलं सोडू नका. राहू द्या. काही होत नाही, देव पाठीशी आहे." ठेवला फोन. अर्धं मिनिटसुद्धा नाही झालं. तूप निवायच्या आत निर्णय!

बोला मंडळी, अशा बुवाला काय म्हणायचं? मोकळेपणानं बोला. मागून आवाज आला — पोटभरू. बरोबर. अजून? ढोंगी? तेही घ्या. त्या आजी काय म्हणतायत? "मेल्याला उपाशी ठेवायला पाहिजे." आजी, अगदी मनातलं बोललात. सगळं लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

इकडं बापानं फोन ठेवला आणि म्हणाला, "बुवा म्हणाले, राहू दे." संपलं. त्या घरात ज्यानं पुस्तक वाचलं त्याचा शब्द खाली, आणि ज्यानं यंत्र बघितलंही नाही त्याचा शब्द वर! स्वप्नाली स्टुलावरून उतरली. तिनं मला नंतर सांगितलं — हो, मला सांगितलं — की उतरताना तिचा हात गाठीवर होता. एक हिसका दिला असता तर गाठ सुटली असती. तिनं दिला नाही. का? चांगली पोर ना! वडीलधाऱ्यांचा मान राखणारी! आपण पोरींना लहानपणापासून हेच शिकवतो आणि मग कौतुक करतो, पोरगी गुणाची आहे. अरे, गुणाची आहे म्हणूनच मार खाते!

पहिल्या दिवशी ओढलं, काही झालं नाही. शालनवहिनी म्हणाल्या, "बघ, काही झालं का?" दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दांडा खाली ओढला की तार ताठ, दांड्याची कडी हुकात बसलेली. वर सोडला की तार सैल, कडी झडपेच्या तोंडाकडं यायची आणि नाड्यावर घासायची. रोज दोनचार पदर तुटत होते. वरून काय दिसायचं? कुंकू.

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता तिनं वजनाची एक पाटी वाढवली. आदल्या दिवशी मैदानावर गोळा पहिल्यांदा पांढऱ्या रेघेच्या पुढं पडला होता. वीतभर पुढं! सर म्हणाले होते, "आता निवांत झोप." त्या आनंदात होती. बसली, दांडा धरला, छातीकडं खेचला. आठ वेळा खेचला. नवव्या वेळी वर सोडला, आणि परत खेचला तेव्हा कडी हुकात नव्हतीच. दोन्ही हातांच्या सगळ्या ताकदीनं तो लोखंडी दांडा तिच्याच अंगावर आला. उजव्या गळपट्टीचं हाड मोडलं. गोळा फेकायचा हात उजवा.

हणमंतराव गिरणी चालू टाकून धावले. पोरगी खाली बसलेली, डाव्या हातानं उजवा खांदा धरलेला. रडत नव्हती. बापाला म्हणाली, "पप्पा, आज तारीख किती?"

अकरा दिवसांवर चाचणी होती. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि दीड महिना सांगितला. चाचणीच्या दिवशी मैदानावर तिचा नंबर पुकारला असणार, तीन वेळा पुकारतात. ती घरी पलीकडच्या खोलीत होती. आता तिला तिथं कुणी बसवलेलं नव्हतं, आपण होऊन बसली होती.

आता तो बुवा. दिवाळीनंतर बुवा पुन्हा त्या गावात गेले. वाटेवर गिरणी. म्हटलं, हणमंतरावांना भेटावं, चहा होईल. आत गेले तर समोर पोर, हात गळ्यात. बुवांनी विचारलं, "काय गं, पडलीस का कुठं?"

मंडळी, त्या बुवाला फोन आठवतसुद्धा नव्हता! पोरीचं एक वर्ष, कदाचित सगळा जन्म, ज्या फोनवर गेला तो त्याला आठवत नव्हता! पुरणपोळी आठवत होती.

तो बुवा मी.

मघाशी केवढा उत्साह होता. आजी, मान वर करा. तुम्ही बोललात ते चुकीचं नव्हतं. पोटभरू मी. ढोंगी मी. पाच महिने झाले, बारशीला मी जेवत नाही. पण त्यानं हाड जुळलं नाही आणि भरती परत आली नाही, म्हणून त्याचं कौतुकही नको मला.

मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, "पोरी, चुकलो. शिव्या दे." तिनं दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "बुवा, नाडा सोडू नका म्हणालात, त्याचं मला काही न्हाई. पण पप्पांनी फोन लावला तवा मी शेजारीच उभी होते. तुम्ही मला फोन द्यायला सांगाल असं वाटलं होतं."

एवढंच. वीस वर्षं कीर्तन करतोय, हजारो माणसांसमोर बोललो. पण ज्या माणसाला माहिती आहे त्याला फोन द्या म्हणायचं मला सुचलं नाही! मला वाटलं, मलाच माहिती आहे. माझ्या अज्ञानाला मी देवाचं नाव दिलं. आणि मगाशी विचारलं ना, श्रद्धा कुठली आणि आळस कुठला? हे घ्या उत्तर. श्रद्धावान माणूस हात जोडायच्या आधी बघतो. विचारतो. ज्याला कळतं त्याला पुढं बोलावतो, मग तो कोण का असेना. आळशी माणूस बघत नाही आणि दुसऱ्यालाही बघू देत नाही. मी त्यातला. आता तुमची पाळी.

हे माझ्या डावीकडं उभं आहे ते काय? हार घातलेलं, पेढ्याचं ताट पुढं ठेवलेलं? हेच ते यंत्र! शालनवहिनींना ते घरात बघवेना. स्वप्नाली म्हणाली, मोडीत घालू नका, ज्या गावात पोरी भरतीची तयारी करतात तिथं द्या. म्हणून ते तुमच्या तालमीत आलं. आज मारुती जयंतीला त्याचं उद्घाटन, म्हणून मला बोलावलं. आणि दुपारी मी येऊन बघतो तर काय? अध्यक्ष विलासआबा, खाली बघू नका. वर बघा. त्या हुकाकडं बघा. नाडा! सात वेढे! गाठीत फूल! कुठल्या शब्दांत सांगू तुम्हाला? मी ताटातला नारळ उचलून भिंतीवर मारणार होतो, दामूअण्णांनी हात धरला म्हणून राहिलं. विलासआबा म्हणतात, "बुवा, शुभकार्य आहे, नाडा नको कसा?" अहो, बांधा ना! चौकटीला बांधा, खांबाला बांधा, माझ्या मनगटाला बांधा! जिथं पोरीचा जीव लोंबकळतो त्या खटक्यावर नको!

आणि दुसरं. माझं अजून संपलं नाही. ते बाहेर लिंबाखाली बघा. तीन मुली उभ्या आहेत. कीर्तन सुरू झाल्यापासून उभ्याच आहेत, पायाचे तुकडे पडले असतील. व्यायामाच्या कपड्यांत आल्यायत, हे यंत्र त्यांच्यासाठीच आहे, आणि आत येत नाहीत. का येत नाहीत, ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे — कीर्तनाला बायका चालतात, तालमीत व्यायामाला पोरी चालत नाहीत! कुणी अडवलं? कुणीच नाही म्हणता? मग त्यांना आत या म्हणालं कोण? तेही कुणीच नाही! पोरींनो, आत या. चपला काढा आणि सरळ इथं पुढं या. ज्या कुणाला चालत नसेल त्यानं त्यांच्या जागी लिंबाखाली जाऊन उभं राहावं, तिथं सावली चांगली आहे.

या. बसा. हां.

आता स्वप्नाली फडतरे. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत, खांबाला टेकून बसलीय. तुम्हाला वाटलं असेल पाहुणी आहे. उठ पोरी. मला आधी माफ कर किंवा नको करूस, पण वर ये. विलासआबा, कात्री द्या तिला. माझ्याकडं कशाला देताय? तिच्या हातात द्या!

बघा मंडळी. कुणी टाळ्या वाजवू नका. बघा नुसतं. गाठ कापली. एक वेढा, दोन वेढे... फूल पडलं. आता दिसली का झडप? उघडी आहे. सगळ्यांनी बघा, उघडी आहे! मी आल्यापासून तुम्ही यापुढं नमस्कार करून जाताय, शंभर माणसं तरी गेली असतील, एकालाही दिसली नाही. कुंकू पुसतेय ती. आपल्या ओढणीनं पुसतेय. दांडा काढला. परत लावतेय. ऐका आता, श्वास रोखून ऐका.

खट्.

ऐकलंत? पाच महिने मी या आवाजाची वाट बघत होतो.

दामूअण्णा, अजून पेटी नको. तिला काही म्हणायचंय. बोल पोरी.

ती म्हणतेय, "बुवा, मागं सरका. तुम्ही दांड्याखाली उभे आहात."

सरकतो, बाई. हा सरकलो. तुम्हीही सरका मंडळी, पहिली ओळ मागं घ्या, पोरींना जागा करून द्या. लिंबाखालून आलेली ती उंच मुलगी, तुझं नाव काय? ये, आधी तू बस. ही सांगेल तसं कर. आम्ही सगळे गप्प बसून बघतो. नारळ नंतर फोडू.